तीन ओरखडे आणि ४५ टक्क्यांचा बोनस

नागपूरच्या मानेवाड्याहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची १,२०० सीसीची पेट्रोल गाडी जुलैत चार वर्षांची होईल. इतवारीच्या गल्लीत हातगाडी घासून डावीकडच्या दोन्ही दारांवर ओरखडे पडले. मागच्या दारावर वीतभर जागी पत्रा उघडा पडलाय, पुढच्या दारावर बारीक रेघा आहेत. मागचा बंपर त्याआधीच घराच्या गेटला घासला होता. कंपनीच्या वर्कशॉपने दारांचे ९,५०० आणि बंपरचे ४,००० रुपये सांगितले. आजवर एकही क्लेम नाही, पॉलिसीचं नूतनीकरण जुलैत आहे, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा कापू नये म्हणून घ्यायचं जादा संरक्षण) गेल्या वर्षी पैसे वाचवायला काढून टाकलं. त्या विचारतात, "इतकी वर्षं प्रीमियम भरला, मग क्लेम का करू नये? की ५,००० रुपयांची एसआयपी दोन महिने थांबवून खर्च स्वतःच करू?"

ताई, क्लेम करू नका. एसआयपीही थांबवू नका.

आधी हातात काय पडेल ते बघा. झिरो डेप नसलं की रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापतात. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग सामानाचा धरतात. म्हणजे ९,५०० पैकी साधारण २,३७५ रुपये सामान, त्यातले निम्मे, १,१८७, गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. दारांचे तुम्हाला ७,३०० च्या आसपास मिळतील. बंपर वेगळ्या दिवशी घासला, म्हणून तो वेगळा क्लेम. त्याच्या रंगावरचा घसारा आणि १,००० वेगळे कापले जाऊन २,५०० हातात येतील. सगळं मिळून ९,८००.

आता जाईल काय? सलग तीन वर्षं क्लेम नाही म्हणून आज तुम्हाला ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममध्ये सूट, आहे. जुलैत तो ४५ होईल, पुढच्या वर्षी ५०. एक क्लेम केला की जुलैत शून्य, मग २०, २५, ३५, ४५ अशी पायरी पुन्हा पहिल्यापासून चढायची. ही सूट ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर मिळते. तुमच्या पॉलिसीत त्याचा प्रीमियम बोनस वजा करण्याआधी ८,००० आहे. गाडीची किंमत उतरते तसा तोही थोडा उतरेल, हे धरूनही पाच वर्षांत ८,७०० च्या पुढे तोटा दिसतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, १०,३०० झाले. एकट्या दारांसाठी क्लेम केला तरी बोनसचं नुकसान तेवढंच, आणि हाती मात्र ७,३००.

शिवाय पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांनी नवी गाडी घ्यायची आहे. मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घेतलं की तो नव्या गाडीला लागतो. नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम २०,००० निघाला, तर ५० टक्के आणि २५ टक्के यांतला फरक एकाच वर्षात ५,००० रुपये!

वर्कशॉपमधल्या माणसाने "तिन्ही एकाच दिवशी लागलं असं लिहा, एकाच क्लेममध्ये बसवतो" असं सुचवलं म्हणता. हे अजिबात करू नका. क्लेम फॉर्मवर सही तुमची असते. बंपरवरची घासट आणि दारांवरची रेघ वेगळ्या उंचीवर, वेगळ्या दिशेने आहे, हे नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या लक्षात येतं. खोटी माहिती निघाली तर पूर्ण क्लेम नाकारला जातो.

उरला प्रश्न दुरुस्तीचा. तिन्ही जागांवर सारखाच खर्च करायची गरज नाही. पुढच्या दारावरच्या रेघांवरून नख फिरवा. नख अडकत नसेल आणि ओलं फडकं फिरवल्यावर रेघ दिसेनाशी होत असेल, तर फक्त वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, खरवडलाय. रबिंग आणि पॉलिशने ती रेघ निघते. तुम्हाला या पॉलिशचे १,२०० रुपये सांगणारा माणूस योग्यच बोलतोय. फक्त हे काम सावलीत, पत्रा थंड असताना करायला सांगा. मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीला हात लावता येत नाही, अशा पत्र्यावर पॉलिश वाळून डाग धरतं.

मागच्या दाराला मात्र उशीर नको. उघडा पत्रा पावसात गंजतो आणि गंज रंगाखाली सरकत जातो. माझ्या जुन्या गाडीच्या चाकावरच्या कमानीला नखाएवढा टवका उडाला होता. दोन पावसाळे मी दुर्लक्ष केलं. शेवटी पत्रा कापून जोड द्यावा लागला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपला की काही दिवसांत आभाळ भरून येतं, हवा दमट झाली की रंगही नीट बसत नाही. म्हणून याच आठवड्यात दार रंगवायला टाका. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने एका दाराचे ३,५०० सांगितलेत, ते वाजवी आहे. गंज घासून, प्रायमर मारून मगच रंग, आणि रंग गाडीवरच्या कोडप्रमाणेच मिसळलेला, एवढं आधी कबूल करून घ्या.

बंपर प्लास्टिकचा आहे, तो गंजत नाही. तो राहू द्या. गाडी विकताना गिऱ्हाइकाने अडवलंच तर तेव्हा बघू.

म्हणजे आज खर्च ४,७००. तो तुमच्या बचत खात्यातल्या ४०,००० मधून करा आणि जून-जुलैच्या पगारातून परत भरा. कार्डावर ईएमआय नको. क्लेम मोठ्या धडकेसाठी राखून ठेवा. खर्च १५,००० च्या वर गेला तर बोनसचा विचार न करता क्लेम करा. आणि जुलैत झिरो डेपचा दर पुन्हा विचारा. नवी गाडी येईपर्यंतची ही दोन वर्षं तुम्ही रोज इतवारीतून जाणार आहात, म्हणून १,२०० रुपयांच्या आत मिळत असेल तर घेऊन टाका.