‘वृद्धांची सेवा’ म्हणजे नेमकी कुठली नोकरी?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. माझ्या आईच्या आजारपणात दोन वर्षं तिनंच सगळं केलं. आता एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून वृद्धांसाठी काम करायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, ‘एवढं शिकून शेवटी म्हाताऱ्यांची घाणच काढायची का?’ सोलापुरात एका संस्थेचा वृद्ध-शुश्रूषेचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. ‘शंभर टक्के नोकरी, जर्मनीतही संधी’ असं ते सांगतात. यातलं काय निवडावं आणि नोकरी लागते तरी कुठे? – एक पालक, बार्शी

उत्तर : नातेवाइकांचा प्रश्न बोचरा आहे, पण उपयोगाचा आहे. ‘वृद्धांची सेवा’ या एका नावाखाली दोन वेगळे व्यवसाय चालतात. एक शुश्रूषेचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवणं, लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली राहील असं पाहणं. दुसरा समाजकार्याचा. त्या माणसाच्या घरात कोण आहे, पैसा कुठून येतो, कागदपत्रं काय आहेत, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे समजून घेऊन त्याची व्यवस्था लावणं. सहा महिन्यांचा कोर्स पहिल्यासाठी, एम.एस.डब्ल्यू. दुसऱ्यासाठी. पहिल्यात कमीपणा काही नाही. तो हात कुशल नसेल तर पाहता पाहता बेडसोर (सतत पडून राहिल्यानं होणारी जखम) होतो आणि भरायला महिने जातात. मात्र त्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर समाजकार्याचं पद मिळत नाही.

म्हणून मुलीला एकच विचारा. आजीच्या त्या दोन वर्षांत तिचा जीव कशात रमला? उशाशी बसण्यात, की डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात, विम्याचे कागद गोळा करण्यात, काका-आत्यांना एकत्र बसवण्यात? उत्तर दुसरं असेल तर एम.एस.डब्ल्यू.च करू द्या.

आता नोकरी कुठे, हे एका उदाहरणावरून पाहू. 76 वर्षांच्या एक बाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. एक मुलगा पुण्यात, दुसरा गावात. दोघांची बोलाचाली बंद.

पहिला टप्पा रुग्णालयाचा. इथे समाजसेवा विभागातल्या व्यक्तीनं दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच घरी पाठवण्याची तयारी सुरू करायची असते. घर कितव्या मजल्यावर? संडास भारतीय की कमोड? रात्री कोण उठणार? न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती? (जुन्या घरांत ते दार बऱ्याचदा दोन फुटांचं असतं आणि वॉकरही साधारण तेवढाच रुंद. तो दारात अडतो, बाई वॉकर बाहेर ठेवून भिंत धरून आत जातात आणि पुन्हा पडतात.) हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी विचारलं तर उशीर झालेला असतो. रुग्णालय धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलाच्या रकमेतून 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत वेगळे काढावे लागतात. पण बिल भरून झाल्यावर सवलत मिळवणं फार अवघड, म्हणून रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पहिल्या दोन-तीन दिवसांत हाती लागेल असं पाहणं हे याच व्यक्तीचं काम.

या कामाची शासकीय पदं आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’, महापालिकांच्या समाज विकास विभागांत समूहसंघटक, शिवाय समाज कल्याण खात्यातली पदं. मात्र जागा थोड्या आणि भरती अनियमित. केवळ या भरतीच्या भरवशावर घरी बसून अभ्यास करत राहणं आम्ही सुचवणार नाही. काम करता करता अर्ज भरत राहावं आणि शैक्षणिक अट दर वेळी जाहिरातीतूनच वाचावी.

दुसरा टप्पा तहसील कचेरीचा. बाईंना स्वतःचं उत्पन्न नाही. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरच्या निराधार व्यक्तीला महिना 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1,750! बहुतेक अर्ज या दाखल्यापाशीच अडतात. दुसरी अडचण वयाची. अनेक वृद्धांच्या आधारवर 1 जानेवारी ही अंदाजे टाकलेली जन्मतारीख असते आणि मतदार यादीत वय वेगळंच. तिसरी बोटांची. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खुरपं धरलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. ठसा जुळला नाही म्हणून माणूस हात हलवत परत जातो आणि पुन्हा येतच नाही. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याला आता मोबाइलवर चेहऱ्यानं ओळख पटवता येते, हे त्याच्या घरात कोणाला तरी ठाऊक असावं लागतं. अशा बारीकसारीक वाटा माहीत असणं म्हणजेच या धंद्यातलं कौशल्य. सर्वांत आधी अर्जाची पोच घ्यायला शिकायचं.

तिसरा टप्पा प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयाचा. समजा, पडण्याआधी बाईंनी घर धाकट्याच्या नावे बक्षीसपत्रानं करून दिलं आणि आता तो त्यांना ठेवायला तयार नाही. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा कायद्यात महिना 10,000 रुपये आहे, निकालाची मुदत नोटीस बजावल्यापासून 90 दिवस. कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण ‘सांभाळ करीन’ ही अट सिद्ध करता यावी लागते. घाईत केलेल्या बक्षीसपत्रात नेमकी तीच ओळ नसते. वकिलाशिवाय अर्ज चालावा अशी या कायद्याची मूळ रचना आहे, त्यामुळे अर्ज नीट लिहून देणाऱ्याचं महत्त्व वाढतं. आधी तडजोडीचा प्रयत्नही होतो. तिथे दोन भावांमध्ये बसणारं माणूस शांत हवं आणि त्यानं ठरलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह कागदावर उतरवून सह्या घ्यायला हव्यात. ‘महिन्याला काहीतरी देतो’ असं तोंडी ठरलेलं दुसऱ्या महिन्यातच मोडतं.

चौथा टप्पा स्वयंसेवी संस्थांचा. 1978 पासून काम करणारी हेल्पएज इंडिया, मुंबईची डिग्निटी फाउंडेशन, पुण्याची जनसेवा फाउंडेशन, जिल्ह्याजिल्ह्यांतले वृद्धाश्रम, विरंगुळा केंद्रं, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची दिवसभराची केंद्रं. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही अशाच संस्थांमार्फत चालते. तिथे फोन घेणारे आणि प्रत्यक्ष जागेवर जाणारे असे दोन्ही प्रकारचे कर्मचारी असतात. वृद्धाश्रमात अधीक्षकाच्या जागेवर गेलेल्या मुलीला पहिल्याच महिन्यात कळतं की इथे समुपदेशन आठवड्याला तीन तास आणि किराणा, स्वयंपाकी, पाण्याची मोटर, औषधांची वाटणी उरलेला सगळा वेळ. ते वाईट नाही, पण आधी माहीत असावं. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक रहिवाशाच्या फाइलमध्ये ऑपरेशनला संमती कोण देणार, मृत्यूनंतर कोणाला कळवायचं आणि अंत्यविधी कोण करणार, हे लिहून घ्यावंच लागतं. तो प्रश्न विचारायला जीभ अडखळते म्हणून रकाना कोरा राहतो आणि मग रात्री दोन वाजता फोन कोणाला लावायचा हे कोणालाच सुचत नाही. पगाराबाबत स्पष्ट सांगायचं तर संस्थांच्या बऱ्याच नेमणुका प्रकल्पापुरत्या किंवा 11 महिन्यांच्या करारावर असतात. अनुदानाचा हप्ता लांबला की पगारही लांबतो. मुलाखतीत ‘पगार किती’ याच्या आधी ‘हे पद कोणत्या निधीतून आहे आणि तो निधी कधीपर्यंत आहे’ हे विचारायचं.

पाचवा टप्पा खासगी. पुण्यातल्या मुलाला आईसाठी चोवीस तासांची बाई हवी आहे. शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून ‘मावशी’ मिळते. पण ती शिकलेली आहे का, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, गोळ्यांची नोंद कोण ठेवतं, हे पाहणारं कोणी नसतं. ही पोकळी भरायला घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी केअर मॅनेजरची पदं काढली आहेत. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या गृहसंकुलांतही अशी माणसं लागतात. पैसा संस्थांपेक्षा बहुधा बरा. गोम अशी की पैसे देणारा मुलगा आणि ज्यांची काळजी घ्यायची त्या बाई, दोघांना वेगळं हवं असतं. मुलगा म्हणतो, आई पडू नये म्हणून तिला उठूच देऊ नका. बाईंना अंगणातल्या तुळशीपर्यंत जायचं असतं. आणि हाड सांधल्यावर डॉक्टरांनी सांगितलेली चालण्याची सवय सोडली तर पायांतली ताकद जाते. दोघांना ही गोष्ट समजावून सांगणं एम.एस.डब्ल्यू. झालेल्या माणसाकडून अपेक्षित असतं. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून वृद्धाश्रम आणि दिवसभराची केंद्रं चालवता येतात. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तशी तरतूद आहे. पण त्या खात्यात थेट नवख्याला क्वचितच घेतात.

या पाचांमध्ये सुरुवात कुठून करावी? आमचं मत पक्कं आहे : दोन वर्षं रुग्णालयात. तिथे रोज नवी घरं, नवे कागद, नवी भांडणं समोर येतात आणि बाकीच्या चारही ठिकाणांशी संबंध येतो.

शिक्षणाचं थोडक्यात. एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचं, कोणत्याही पदवीनंतर. मानसशास्त्र असणं चांगलंच. वृद्धांसाठी वेगळं एम.एस.डब्ल्यू. शोधत बसू नका. वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय घ्यावा आणि क्षेत्रकार्य (शिकताना संस्थेत जाऊन केलेलं प्रत्यक्ष काम) व प्रबंध वृद्धांवर करावा. तुमच्या जवळ सोलापूरला वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन. आपल्याकडे वकील-डॉक्टरांसारखी सरसकट सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी सनद नाही, त्यामुळे पदवीची किंमत क्षेत्रकार्यावरून ठरते. कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत पाहू नका. आठवड्यातून किती दिवस क्षेत्रकार्य, कोणत्या रुग्णालयात, अहवाल कोण तपासतं आणि मार्गदर्शक प्रत्यक्ष जागेवर येतो का, हे शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना फाटकाबाहेर विचारा. मात्र 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. त्याखालच्या नोंदणीसाठी कॉलेजची काय तयारी आहे, तेही विचारावं.

सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यांना तीन प्रश्न. प्रमाणपत्र हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं (आरोग्य क्षेत्रातल्या कौशल्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदेचं) आहे का? सराव रबरी पुतळ्यावर की खऱ्या वॉर्डात, आणि किती तास? मागच्या तुकडीतले चार जण आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणजे बऱ्याचदा ब्युरोची बारा तासांची ड्युटी असते.

जर्मनीचं खोटं नाही, पण अर्धं सांगितलेलं आहे. महाराष्ट्रानं 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे आणि तिथे शुश्रूषेला माणसं हवी आहेत. मात्र तिथली वाट तीन वर्षांच्या विद्यावेतनासह प्रशिक्षणाची, त्याआधी निदान बी-1 किंवा बी-2 पातळीची, म्हणजे स्वतंत्रपणे संवाद साधता येईल इतपत, जर्मन भाषा. इथल्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानं ती वर्षं कमी होत नाहीत. आणि ती नोकरी शुश्रूषेची आहे, समाजकार्याची नाही. परदेशी नोकरीसाठी परवानाधारक एजंटाला 30,000 रुपये अधिक जी.एस.टी. यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जास्त मागणाऱ्याकडे परवान्याचा क्रमांक मागा आणि केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळा.

फी भरण्याआधी आठ रविवार काढा. बार्शीतलं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय किंवा जवळचा एखादा वृद्धाश्रम, जिथे परवानगी मिळेल तिथे मुलीला दर वेळी पाच तास जाऊ द्या. घरच्या आजीशी माया होती. इथे शिव्या देणारे आजोबा भेटतील, तेच वाक्य वीस वेळा बोलणाऱ्या आजी भेटतील, ज्यांच्या मुलांचा राग येईल अशी माणसं भेटतील. वहीत तिनं दर रविवारी दोन रकान्यांत दोनच गोष्टी लिहाव्यात : आज कोणाचं कोणतं काम अडलं होतं आणि ते कशामुळे अडलं. आठव्या रविवारी दुसरा रकाना पहिल्याहून मोठा झालेला दिसला तर फॉर्म भरा. टाटा संस्थेसाठी सी.यू.ई.टी.-पी.जी. ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात. इतर कॉलेजांचे प्रवेश टी.वाय.च्या निकालाच्या सुमारास. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर लागू असेल तर तो आत्ताच काढायला टाका.