पॅरामेशियम उलटा का पोहत नाही?

प्रश्न : पॅरामेशियम या पाण्यातल्या एकपेशीय जीवांवर पोटॅशियम क्लोराइडचा थेंब सोडला की ते उलटे पोहतात, हे वर्गात दाखवायचं आहे. विहिरीच्या पाण्यातले पोहतात. आरओच्या पाण्यात धुऊन घेतलेले मात्र धड मागे जातच नाहीत. द्रावण तेच आहे, मग चुकतंय कुठे?

उत्तर : चूक पाण्याची आहे. आरओत पाण्यातलं कॅल्शियम बहुतेक निघून जातं, आणि उलटं पोहायला तेच लागतं. पोटॅशियमचं काम फक्त दार उघडण्याचं. त्यानं पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब उतरतो, सिलियांवरच्या (पोहण्यासाठी अंगावर असलेल्या केसांवरच्या) कॅल्शियम-वाहिन्या उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. एरवी पेशीत ते ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास असतं. १ मायक्रोमोलरच्या वर गेलं की सिलियांचा फटकारा उलट दिशेनं बसतो. नाइतो आणि कानेको या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये डिटर्जंटनं पॅरामेशियमचं पटल निकामी केलं आणि एटीपी (पेशीचं इंधन) व मॅग्नेशियम पुरवलं. हे मेलेले सांगाडेसुद्धा कॅल्शियम कमी असताना पुढे आणि वाढवल्यावर मागे पोहले! याहून स्वच्छ पुरावा काय हवा?

आता कृती. १०० मिलि पाण्यात १.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट विरघळवा. त्यातलं १ मिलि घेऊन आरओचं पाणी घालून १०० मिलि करा. हे झालं १ मिलिमोलर. पॅरामेशियम यात तासभर ठेवा. असंच १ मिलिमोलर कॅल्शियमचं आणखी १०० मिलि पाणी करून त्यात ०.३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवा. खळग्याच्या काचपट्टीवर दोन्हींचा एकेक सारखा थेंब मिसळला की पोटॅशियम साधारण २० मिलिमोलर होतं. वर कव्हरस्लिप नको, प्राणी दबून अडकतात. डोळा आधीच सूक्ष्मदर्शकाला लावून ठेवा, कारण उलटं पोहणं जेमतेम अर्धा-एक मिनिट टिकतं. निमुळतं टोक पुढे आणि बोथट टोक मागे दिसलं, की समजा जमलं. आत आलेलं कॅल्शियमच मग वाहिन्या मिटवतं, पंप ते बाहेर काढतात आणि प्राणी पुन्हा सरळ जातो. म्हणून एकदा वापरलेले प्राणी लगेच परत घेऊ नका. पोटॅशियमला सरावलेले दाद देत नाहीत.

या वाहिन्या बिघडलेले पॅरामेशियमही आहेत. त्यांचं नाव 'पॉन', म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं: मागे जाताच येत नाही.

प्रश्न : आपल्या शरीरातल्या पेशींतही असंच होतं का?

उत्तर : सरपटणाऱ्या पेशींत दिशा उलटत नाही, पण कॅल्शियम लागतंच. फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतकातल्या पेशींमध्ये ते मागच्या बाजूला जास्त असतं. तिथे कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनामार्फत मायोसिन हे प्रथिन ओढ लावतं, कॅल्पेन हे एन्झाइम चिकटलेल्या जागा सोडवतं आणि मागचा भाग पुढे ओढला जातो.