‘डावलणे’ डावातलं नाही, डाव्या हाताचं आहे

प्रश्न असा आलाय की फिल्म अवॉर्ड्स झाले रे झाले की जो तो "अमक्याला डावललं" म्हणतो, तर हा शब्द ‘डाव’वरून आलाय का, आणि नॉमिनेशन मिळून हरलेल्याला ‘डावललं’ म्हणणं बरोबर आहे का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही, बरोबर नाही. पाच जणांची नावं पुकारली, एकाला बाहुली मिळाली, उरलेले चौघे हरले. त्यांचा पुरस्कार हुकला म्हणा, थोडक्यात गेला म्हणा, हुलकावणी दिली म्हणा, मराठीत शब्दांचा काय दुष्काळ पडलाय का? १ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले त्या संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘डावललं’ इतक्या वेळा आलं की मी फोन उपडा ठेवून दिला. त्यात एकाने लिहिलं "नॉमिनेशन असूनही डावललं", अरे राष्ट्रीय पुरस्कारांना फिल्मफेअरसारखी नामांकनं जाहीर होतच नाहीत, आधी विभागीय समित्या सिनेमे बघतात आणि मग केंद्रीय समिती, यादी येते ती थेट निकालाचीच. आणि दुसरा एक जण पुरस्कार नाकारणाऱ्यांबद्दल "त्यांनी पुरस्कार डावलला" म्हणत होता. तो नाकारला! डावलतात ते माणसाला, नाहीतर त्याच्या हक्काला, नियमाला. ‘सेवाज्येष्ठता डावलून बढती दिली’ हे कसं चपखल बसतं बघा.

आता डाव. एक निवृत्त सर आहेत, भाषेवर बरंच लिहितात आणि लोक त्यांचं प्रमाण मानतात, त्यांचं म्हणणं असं की कुणीतरी डाव टाकून बाजूला केलं म्हणून ‘डावलणं’. मला हे अजिबात पटत नाही. डाव टाकायला, साधायला, उलटवायला बेत लागतो, कपट लागतं. डावलायला काहीच लागत नाही! "गडबडीत त्यांना डावललं गेलं हो" हे वाक्य आपण सहज बोलतो ना? मग नकळत टाकलेला डाव कधी ऐकलाय? सरांना परीक्षकांचा जो संशय आहे तो त्यांनी व्युत्पत्तीत घुसवलाय, आणि संशय कितीही खरा असला तरी त्याने शब्दाचं मूळ बदलत नाही.

मूळ आहे डावा. प्राकृतात डव्व, गुजरातीत डाबो, आपल्याकडे डावा. डावलणं म्हणजे डाव्या बाजूला टाकून पुढे जाणं. आता यात एवढं वाईट काय, कुणी डावीकडे राहिलं तर राहिलं, असं वाटेल, पण देवळात जाऊन बघा. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला. प्रदक्षिणेतला दक्षिण तो हाच, उजवा हात. ज्याचा मान ठेवायचा त्याला उजवीकडे ठेवून चालायचं, म्हणजे डावीकडे सोडून निघून जाणं हा अपमान झाला, मग तुम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नसेना का! कोकणात नि गोव्यात देवाला कौल लावतात, मूर्तीला फुलं-पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवा हा शब्द स्वतः ‘ऋजु’मधून उतरलाय, ऋजु, मग उज्जु, मग उजू, म्हणजे सरळ. (मुलगी उजवणे, कूस उजवणे यातला ‘उजवणे’ मात्र इथे आणू नका, तो उद्यापनातून आलेला वेगळा शब्द आहे, लोक दोन्हींची सरमिसळ करतात.) ‘त्याच्यापेक्षा हा उजवा ठरला’, ‘डावं-उजवं करू नका’, हे सगळं एकाच घरातलं आहे आणि डावलणंही त्याच घरातलं.

आणि याची जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती कालिदासाच्या रघुवंशात पहिल्याच सर्गात आहे. दिलीप राजा इंद्राकडून परत निघालाय, घरी जायची घाई, वाटेत कल्पवृक्षाखाली सुरभी गाय बसलेली. तो तिला प्रदक्षिणा न घालता निघून जातो. बस्स, एवढंच. मारलं नाही, हाकललं नाही, डाव तर मुळीच टाकला नाही, मनात राणीचा विचार होता म्हणून लक्ष गेलं नाही. तरी सुरभीने शाप दिला की तुला संतती होणार नाही. वसिष्ठ त्याला नंतर समजावतात की जिचा मान होता तिचा मान राहून गेला आणि तेच आडवं आलं. मी तर म्हणते डावलणं या शब्दाचं यापेक्षा नेमकं चित्र कुठे सापडणार नाही. दोनच गोष्टी लागतात, एकाचा मान असायला हवा आणि दुसऱ्याने तो न देता पुढे निघून जायला हवं.

मी हा शब्द शिकले तो लहानपणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. माझी आत्या तेव्हा नुकतीच विधवा झाली होती, भिंतीला टेकून बायकांच्या ओळीत बसलेली. करंडा फिरत आला, डावीकडच्या काकूंना कुंकू लागलं, आणि करंडा तिच्यापुढून तसाच सरकून उजवीकडच्या वहिनींकडे गेला, तिळगूळही तसाच, वाणाची वाटीही तशीच. कुणी काही बोललं नाही. आत्याने नुसता पदर सारखा केला. घरी आल्यावर आजी चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीला डावललं त्यांनी." तो आवाज माझ्या कानात अजून आहे आणि म्हणून हरलेल्या हिरोसाठी हा शब्द कुणी उधळला की मला त्रास होतो.

तर आता त्या निकालाकडे. ‘आडुजीवितम’ या मल्याळम सिनेमाला एकही पुरस्कार मिळाला नाही आणि केरळमधले प्रेक्षक खवळले. केरळच्या राज्य पुरस्कारांत याच सिनेमाला सर्वोत्कृष्ट अभिनेता, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक वगैरे मिळालेलं, आणि दिल्लीत पदरात काहीच नाही. इथे त्या प्रेक्षकांनी ‘डावललं’ म्हटलं तर मी मान्य करेन, मान काय होता ते दाखवता येतं. पण मल्याळम अभिनेत्री उर्वशीचं तसं नाही. तिला सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तिने जाहीरपणे विचारलं की मुख्य भूमिका असताना सहाय्यक कशी, अगदी रास्त प्रश्न आहे, पण ते डावलणं नव्हे, ती बोळवण! हातावर काहीतरी ठेवून वाटेला लावणं. ‘द केरला स्टोरी’च्या सुदीप्तो सेन यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला म्हणून जे चिडले, खुद्द केरळच्या मुख्यमंत्र्यांसकट, त्यांचा तर निवडीलाच आक्षेप होता, तिथे या शब्दाचं कामच नाही.

आणि शाहरुख. ‘जवान’साठी त्याला विक्रांत मॅसीबरोबर विभागून मिळाला, आणि निम्म्या लोकांची प्रतिक्रिया आनंदाची नव्हतीच, "स्वदेसला डावललं होतं ते आता भरून काढलं" अशी होती. २००४ च्या सिनेमांसाठीचा अभिनेत्याचा पुरस्कार सैफ अली खानला ‘हम तुम’साठी गेला होता, ते लोक वीस वर्षं विसरले नाहीत. २०२५ ला परीक्षकांचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर, म्हणजे ‘स्वदेस’चेच दिग्दर्शक, त्यामुळे तर चर्चेला ऊतच आला. मला ‘स्वदेस’मधलं काम जास्त आवडतं, तरी म्हणते की तेव्हा तो हरला. सैफला मिळालं म्हणून शाहरुखला डावललं असं होत नाही.

मराठी प्रेक्षकांनी तर त्या निकालाबद्दल तक्रारच करू नये. ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, बालकलाकारांत आपली मुलं, त्यातली त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींकडून पदक घ्यायला गेली ते सगळ्या देशाने पाहिलं, आणि मराठी चित्रपटाचा मान नव्या ‘श्यामची आई’ला. १९५४ साली हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’लाच मिळालं होतं.

जाता जाता एक. आमटी वाढायच्या पळीलाही डाव म्हणतात, तो संस्कृत दर्वीपासून आला. पंगतीत तो डाव एखाद्या पानावरून तसाच पुढे जातो, आणि त्यालाही आपल्याकडे पंक्तिप्रपंच असा अस्सल शब्द आहे. सरांना ‘डाव’च हवा असेल तर निदान हा तरी घ्यावा, पत्त्यांच्या डावापेक्षा केव्हाही बरा. तुमच्याकडे अजून ‘डावभर आमटी’ म्हणतात का, म्हणत असाल तर गावाच्या नावासकट कळवा.