पाच वर्षांचा मुलगा पळत येतो पण उडी मारताना थांबतो आणि दोन्ही पायांनी मारतो, कसं शिकवू? क्लास लावू का?

साताऱ्यात बालवाडीच्या पोरांना मैदानावर खेळवते, त्यामुळं हे रोजचंच आहे. पाचव्या वर्षी बरीच पोरं असंच करतात. दोन्ही पायांची उडी आधीच येत असते, लंगडी पण थोडीफार जमते, पण एका पायानं रेटा देऊन दुसऱ्या पायावर उतरायचं आणि तसंच पुढं पळायचं, हे पळणं नीट बसल्याशिवाय येत नाही.

"उडी मार" असं म्हणूच नका, म्हटलं की पोरगं थांबतं, पाय जुळवतं आणि टुणकन मारतं. त्यापेक्षा "ओढा आलाय, पाय भिजवायचे नाहीत" म्हणा. मातीत फक्कीनं ओढा आखा, पण एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला दोन-अडीच फूट असा. भित्रं पोरगं अरुंद बाजूनं जातं आणि मग आपलं आपणच हळूहळू रुंद बाजूला सरकतं, आपण गप बसायचं. मागं चार-पाच पावलं पळायला जागा बास, लांबून सुसाट आलं तर पावलं चुकतात. पलीकडं मात्र भरपूर मोकळं ठेवा. आणि खोकं-बिकं आडवं ठेवू नका इतक्यात, उंची दिसली की परत थांबणारच, अंतर जमलं की मग टॉवेलची गुंडाळी ठेवा.

उतरताना धप्प आवाज आला तर गुडघा ताठ आहे समजा. नजर पायाकडं जाऊ नये म्हणून तुम्ही पलीकडं टाळीसाठी हात पुढं करून उभं राहा. उजवा पाय पुढं तर डावा हात पुढं, हे मी तरी सांगत नाही, सांगितलं की पोरं रोबोट होतात. फरशीवर मोजे घालून अजिबात नको.

आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) फायनलमध्ये दहाव्या आल्या, ती शर्यत दाखवा त्याला. पाण्याचा खड्डा अडथळ्यापाशी खोल आणि पुढं उथळ असतो, म्हणून जेवढं लांब पडाल तेवढं पाणी कमी, आणि उतरल्यावर पळणं चालूच. पोरांना हे लगेच कळतं.

क्लास आत्ता नको, लंगडी आणि पकडापकडी खेळू दे. पण एका पायावर चार-पाच सेकंद पण उभं राहता येत नसेल, किंवा सपाट जमिनीवर सारखा पडत असेल, तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.