बॉर्डर कॉलीला मेंढरं वळायला शिकवावं लागतं, की ते रक्तातच असतं?

प्रश्न फलटणकडच्या कुणाचा तरी दिसतो. बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याचं पाच महिन्यांचं पिल्लू आहे, नारी सुवर्णा जातीच्या वीसेक मेंढ्या आहेत, शिकवायला कधी घ्यावं, आणि "ही जात उपजतच मेंढ्या राखते म्हणतात, तर मुळात शिकवायची गरज आहे का?" हे शेवटचं वाचलं आणि राहवेना. असं म्हणणारे कोण असतात ते मला चांगलं माहीत आहे. त्यातला एक माझा सख्खा मेहुणा आहे.

थोडक्यात उत्तर आधी देतो. गरज आहे. आठ-दहा महिन्यांच्या आत मेंढरांवर सोडू नका. पळत्या मेंढरांच्या पुढं जाऊन त्यांना वळवता येईल एवढा वेग आणि तुमचं ऐकण्याएवढं डोकं, दोन्ही आलं की सुरुवात. काही कुत्री दीड वर्षाची झाली तरी पोरकट असतात, त्यांना तेवढा वेळ द्यायचा. लहान पिल्लाला एकदा एडक्यानं ढुशी मारून लोळवलं की ते जन्माचं बिचकतं.

आता ते 'उपजत' प्रकरण.

आम्ही आटपाडी तालुक्यातले, दिघंचीच्या अंगाचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पूर्वी खांडीबरोबर, म्हणजे मेंढरांच्या कळपाबरोबर, पुढं एक माणूस, मागं एक आणि कडेला एखादं पोरगं असायचं. आता पोरं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, परमुलखात, नाहीतर पुण्याला कंपनीत. उरलो मी आणि तात्या, म्हणजे माझे चुलते. त्यात टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून जिथं मोकळा माळ होता तिथं डाळिंब आणि ऊस. रस्त्याच्या दोन्ही अंगाला उभं पीक, मधून खांड काढायची, आणि एक मेंढरू बागेत शिरलं की संध्याकाळी बागवाला दारात. कडेनं खांड दाबून धरणारं कुणीतरी हवं होतं, हे तात्यांनाही मान्य होतं. ते कुणीतरी म्हणजे कुत्रं, हे मान्य नव्हतं. आमच्याकडं कुत्रं राखणीला. रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळ्याच्या, कडेला पडून राहायचं आणि लांडग्याची चाहूल लागली की उठायचं, एवढंच त्याचं काम. दिवसा मेंढरांत घुसणाऱ्या कुत्र्याला काठी बसते.

मेहुण्यानं पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बॉर्डर कॉली घेतला. नाव झोरो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो सायकलवरच्या पोरांना घेर घालून कोपऱ्यात गोळा करायचा, आणि एखादं निसटलं की टाच धरायचा. तक्रारी झाल्या. मग मेहुण्याला एकदम आठवलं की ही जात मुळात मेंढ्यांची आणि आपल्या बहिणीच्या घरी मेंढ्या आहेत. वर्षाचा व्हायला आलेला कुत्रा गाडीत घालून आणला, अर्धं पोतं खाद्य आणि एक उशी ठेवली, आणि गेला. तात्यांनी त्याचा 'झोऱ्या' केला.

पहिल्यांदा त्याला कासऱ्याला धरून खांडीजवळ नेला तेव्हा पोटाशी जमीन लावली, मान खाली, एक पुढचा पाय अधांतरी, आणि नजर अशी रोखलेली की पापणी हलेना. तात्या बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ह्ये कुत्रं बघतंय का मंत्र टाकतंय?"

ही नजर रक्तातली, हे मी कधीच नाकारलं नाही. पण ती नजर म्हणजे शिकारीची पहिली पायरी आहे. लांडगा आधी रोखून बघतो, मग दबा धरून पुढं सरकतो, मग पाठलाग, मग धरणं, मग मारणं. कॉलीत निवड करत करत पहिल्या दोन पायऱ्या ठळक केल्या आणि शेवटच्या दोन दाबल्या. दाबल्या म्हणजे पुसल्या नाहीत. मोकळं सोडलं आणि डोकं फिरलं की त्या वर येतात.

कशा येतात ते भाऊबीजेला दिसलं. मेहुणा ओवाळून घ्यायला आला होता. मी डेअरीला दूध घालायला गेलेलो, तात्या गोठ्यात. याला झोरोचा व्हिडिओ हवा होता. तोवर मी कुत्रा मेंढरांवर मोकळा सोडलाच नव्हता, नुसतं बस आणि ये चाललं होतं, आणि ते याला सांगितलेलं होतं. यानं वाघरीचं तोंड उघडलं, कासरा सोडला आणि मोबाईल वर धरला. खांडीत निम्म्या गाभण. झोऱ्या शेपटी वर करून सरळ मधनं घुसला. शेपटी वर म्हणजे काम नाही, खेळ. खांड फुटली. तात्यांनी जतच्या बाजूनं मडग्याळ जातीची एक उंचीपुरी मेंढी हौसेनं आणली होती, ती एकटी पडली आणि ठिबकच्या पाइपासाठी खणलेल्या चरीत आडवी झाली. कुत्रा तिच्या मांडीची लोकर दातात धरून मागं ओढतोय, आणि मेहुणा शूटिंग करतोय. तात्या काठी घेऊन येईपर्यंत हे चाललं होतं. ती मेंढी त्याच आठवड्यात गाभडली, पोटातलं कोकरू गेलं.

मी परत आलो तर मेहुण्याचं पहिलं वाक्य, "पण हर्डिंग केलं ना त्यानं!"

त्या दिवशी सणाचा दिवस म्हणून गप्प बसलो. आता इथं बोलतो. इंटरनेटवरून त्यानं पाठ केलेलं असतं की सगळी बॉर्डर कॉली ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्यापासून आली. आली असतील. 1893 साली इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमध्ये अ‍ॅडम टेल्फरकडे तो जन्मला. पण त्या कुत्र्याचं नाव झालं ते कशासाठी? न भुंकता, न चावता, शांतपणे मेंढरं हलवायचा म्हणून. वेल्समध्ये बाला गावी 1873 ला कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या त्यातही नुसतं कोण जोरात पळतं हे बघत नव्हते. मालकाच्या शिट्टीवर किती अचूक वळतं, थांबतं, मेंढरं किती निवांत ठेवतं ते बघत होते. आपोआप येणाऱ्या गोष्टीच्या स्पर्धा दीडशे वर्षं कुणी भरवत नाही.

मी काय केलं ते सांगतो. पिल्लू तुमच्याकडं आहे तर उपयोगी पडेल.

आधी मेंढरं न दाखवता दोनच गोष्टी पक्क्या केल्या: हाक मारली की येणं आणि जिथं असेल तिथं जमिनीला बसणं. ताट समोर असताना, मांजर पळत असताना, पाहुणे आले असताना, कुठल्याही वेळी. मग वाघरीचा छोटा गोल घातला. आत पाच-सहा भाकड मेंढ्या, कुत्रा बाहेर, लांब कासऱ्याला. गाभण नको, कोकरांची आई नको, एडका अजिबात नको. आणि शेळी नको. आपल्या खांडीत दुधाला दोन-चार शेळ्या असतातच, पण शेळी जमावात राहत नाही, वळून शिंगं दाखवते, आणि नवं कुत्रं एकतर घाबरतं नाहीतर चवताळतं. बाहेरून गोल फिरताना कुत्र्याला कळायला लागतं की आपण सरकलो की मेंढरं सरकतात. तेवढं कळलं की जाळं काढायचं.

जाळं काढल्यावर सगळं तुमच्या पायांवर आहे. मेंढरं मध्ये, तुम्ही एका बाजूला, कुत्रं बरोबर समोरच्या बाजूला. तुम्ही मागं मागं चालायचं. कुत्रं मेंढरं तुमच्याकडं आणतं. तुम्ही डावीकडं सरकलात की ते पलीकडून स्वतः सरकून पुन्हा समोर येतं. हा भाग खरोखर रक्तातला आहे, आणि पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. तात्या याच ठिकाणी पघळले. त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं (मेंढरांनाच ते बकरी म्हणतात), "माझी बकरी माझ्या मागनं येत्यात, मला हाकायला कुत्रं कशाला?" आणि इथं मी पुढं चालतोय, मेंढरं माझ्या मागून येतायत, कुत्रं शेवटाला. म्हणजे त्यांचीच पद्धत, फक्त मागचा गडी चार पायांचा.

जवळ आलं, दाटलं, शेपटी वर गेली, की बसवायचं. बसलं नाही तर तुम्ही मेंढरं आणि कुत्रं यांच्यामध्ये जायचं, काठीचा आडोसा धरून. मारायची नाही, अडवायचं. त्याला मेंढरांपासून लांब ठेवणं हीच शिक्षा आणि मेंढरांकडं जाऊ देणं हेच बक्षीस. बिस्किटं खिशात राहू द्या, कामात असलेलं कॉली बिस्किटाकडं बघतसुद्धा नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या वर ओढू नका. आणि चांगलं काम झालेलं असताना थांबा, दमून चुकायला लागल्यावर नाही.

हुकूम कुठले वापरायचे ते तुमच्यावर. इंग्रज 'कमबाय' म्हणतात तेव्हा कुत्रं घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, 'अवे' म्हटलं की उलटं. मी त्यांना 'वळ' आणि 'फिर' केलंय. फक्त मेंढरांना आपण जे आवाज काढतो ते कुत्र्याला वापरू नका, दोघंही गोंधळतात.

पुढच्या उन्हाळ्यात अवकाळीनं गाठलं. वीज कडाडली आणि खांड बिथरून डांबरी ओलांडून डाळिंबाच्या बागेकडं सुटली. तात्यांच्या तोंडातून शिवीच्या आधी "झोऱ्या, वळ" निघालं. तो लांबून, बांधाच्या पलीकडून घेर घेऊन बागेच्या तोंडाशी आला आणि मी "बस" म्हटल्यावर चिखलात बसला. पळत राहिला असता तर मेंढरं त्याच्या भीतीनं तारेवर गेली असती. तो बसला म्हणून ती थांबली, वळली आणि रस्त्यावर आली.

याचा व्हिडिओ नाही. नंतर एका निवांत सकाळी माझ्या पोरानं काढलेला आहे, तो मेहुण्यानं स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'नो ट्रेनिंग, प्युअर ब्लडलाइन'. लग्नाकार्यात भेटला की अजून चार लोकांत हेच सांगतो. मडग्याळ मेंढीचा विषय निघत नाही.

शहरातल्या एका ट्रेनरनं फोनवर मला गळ्यात करंटचा पट्टा बांधायला सांगितलं होतं. ऐकू नका. ज्या क्षणी झटका बसेल त्या क्षणी कुत्रं ज्याच्याकडं बघत असेल त्याच्याशी ते झटका जोडतं, आणि बघत असतं मेंढराकडं.

काही गोष्टी राहिल्या. कॉली राखण करत नाही; लांडगा आला तर धनगरी कुत्रंच हवं, ते विकून टाकू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत काम संपवा. या जातीत काही कुत्री पाच-पंधरा मिनिटं जोरात पळाली की पाय लटपटून झोकांड्या खातात. तसं दिसलं तर ताबडतोब थांबवून सावलीत न्या आणि डॉक्टरला दाखवा. दिवाळीनंतर माळावरचं कुसळ त्या दाट केसांतून कातडीत आणि कानात शिरतं, सराटे बोटांच्या बेचक्यात. रोज संध्याकाळी हात फिरवून काढायचे. मेलेल्या मेंढीचं मुंडकं कुत्र्याला कधीही घालू नका; त्यातून फितकृमी कुत्र्यात जातो, कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, आणि मग मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होऊन ती एकाच बाजूला गोल गोल फिरत मरते. कुत्र्याला वेळच्या वेळी प्राझिक्वांटेल द्या. मेंढरांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध पाजताना सांडलेलं कुत्र्याला चाटू देऊ नका. कॉली जातींत एका जनुकदोषामुळं हे औषध मेंदूपर्यंत पोचतं. रफ कॉलीत तो दोष भरपूर, बॉर्डर कॉलीत क्वचित, पण तुमचं पिल्लू त्या क्वचितांतलं नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

आणि खरं सांगायचं तर तुमच्या वीस नारी सुवर्णा बंदिस्त गोठ्यात असतील तर या कुत्र्याला तुमच्याकडं काम नाही. त्या जुळी देणाऱ्या मेंढ्या. गाभण असताना एक धावपळ म्हणजे दोन कोकरांचं नुकसान. बाहेर चारायला नेत असाल तर जरूर शिकवा. सध्या पाच महिन्यांच्या पिल्लाला फक्त हाकेला येणं आणि बसणं. मेंढ्या बाहेर नेता की नाही आणि त्या कधी विणार आहेत ते लिहा, म्हणजे भाकड कुठल्या निवडायच्या ते सांगता येईल. पिल्लाच्या आईबापांच्या डोळ्यांची आणि त्या जनुकाची तपासणी झाली आहे का, तेही विकणाऱ्याला आत्ताच विचारून कागद ताब्यात घ्या. झोऱ्याचे कागद मेहुणा अजून 'पाठवतो' म्हणतोय.