जहाजी घड्याळ साडेचारला एकच टोल का देतं?

प्रश्न: जुनं पितळी जहाजी घड्याळ घेतलंय. चारला आठ टोल पडतात, साडेचारला एकच. दीडला मात्र कधी तीन, कधी चार. काय बिघडलंय?

चारला आठ आणि साडेचारला एक, हे अगदी बरोबर आहे. हे टोल खलाशांच्या चार तासांच्या पहाऱ्यातले अर्धे तास मोजतात. साडेबाराला एक, एकला दोन, असं वाढत चारला आठ, मग पुन्हा एकपासून. टोल जोडीनं पडतात; साडेतीनचे सात म्हणजे दोन-दोन-दोन-एक. (ब्रिटिश नौदलात संध्याकाळी चार ते आठ हा पहारा दोन भागांत मोडतो, म्हणून तिथे साडेसहाला एकच टोल असतो. घड्याळ मात्र पाचच देणार.)

दीडला पडणारे चार हा खरा बिघाड. या घड्याळांतली नेहमीची रचना अशी: दातेरी पट्टी गोगलगायीच्या शंखासारख्या पायऱ्यांच्या चकतीवर पडते आणि किती जोड्या वाजवायच्या ते ठरतं. दीडला आणि दोनला जोड्या दोनच. फरक एवढाच, की अर्ध्या तासाला एक छोटी तरफ आडवी येऊन शेवटच्या जोडीतला दुसरा टोल अडवते. तुमची तरफ कधी येते, कधी येत नाही. बहुतेक वेळा कारण गोंदासारखं घट्ट झालेलं जुनं तेल, नाहीतर तिची बारीक स्प्रिंग ढिली झालेली असते. उलट दोनला तीनच पडले, तर तरफ अडकूनच बसली आहे. दीडला एकच पडला, तर दातेरी पट्टी पूर्ण खाली येत नाही.

तरफेचा खिळा साफ करा आणि ती स्वतःच्या वजनानं किंवा स्प्रिंगनं मोकळी परतते का ते पाहा. पट्टीच्या दात्यांना तेल लावू नका, धूळ धरते. गंज सोडवणारा फवारा तर मुळीच मारू नका. थोड्याच दिवसांत सगळं पुन्हा चिकटतं. यंत्र उघडायचं असेल तर आधी दोन्ही कमानींची चावी सावकाश उतरवून घ्या. भरलेली कमान सुटली तर दाते तुटतात आणि बोटंही सापडतात. तोल-चक्राचा भाग घड्याळजीकडेच द्या.

टोल धपकन, दबका वाटला तर हातोडी घंटेला टेकून राहते आहे. थांबल्यावर तिच्यात आणि घंटेत सुमारे 1 मिलिमीटर फट हवी.

वेळ लावताना मिनिटकाटा पुढेच फिरवा आणि दर अर्ध्या तासाला टोल पुरे होऊ द्या. आठ टोल भलत्याच तासाला पडत असतील तर बहुतेक घड्याळांत तासकाटा फक्त घट्ट बसवलेला असतो. आठ वाजून संपले की तो एकटाच हलक्या हातानं चार, आठ किंवा बारावर आणा आणि मग मिनिटकाट्यानं खरी वेळ लावा.