डिसअग्रीमेंट, आर्ग्युमेंट, क्वॉरल, डिस्प्यूट, कॉन्फ्लिक्ट: सगळ्यांचा अर्थ 'वाद, भांडण'च आहे, मग कुठलाही वापरला तर काय बिघडतं?

बिघडतं. शब्दकोशात पाचही शब्दांपुढे 'वाद, भांडण, तंटा' छापलंय म्हणून तुम्ही हे विचारलंय, ते कळतं. पण यातल्याच एका शब्दापायी आमच्या कंपनीचं अख्खं बिल चार महिने अडकलं आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. तेव्हापासून कोणी 'सगळ्यांचा अर्थ एकच' म्हणालं की मला गप्प बसवत नाही.

त्या नोकरीत मी परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळायचे. साहेब मुद्दे मराठीत सांगायचे, मी इंग्रजी मसुदा करून द्यायचे. एका ग्राहकाने माल उशिरा पोचला असं म्हणून बिलातून काही रक्कम कापली. उशिराला कारण तेच होते, ड्रॉइंगची मंजुरी त्यांनीच लांबवली होती. साहेब म्हणाले, "कळव त्यांना, ही कपात आम्हाला मान्य नाही." मी तेच लिहिलं: 'वुई डू नॉट अग्री विथ द डिडक्शन.' त्याखाली आम्ही ड्रॉइंग कधी पाठवलं, मंजुरी कधी आली, त्या तारखा ओळीने दिल्या.

साहेबांनी मसुदा वाचला. "फार मिळमिळीत झालंय," म्हणाले. लाल पेनने माझं वाक्य खोडलं आणि वरच्या मोकळ्या जागेत तिरकं लिहिलं: 'अ डिस्प्यूट हॅज अरिझन इन रिस्पेक्ट ऑफ धिस इन्व्हॉइस.' मी म्हटलं, सर, हा शब्द करारात आहे, असा सहज वापरायला नको. "अगं, अर्थ तोच. जरा वजन येतं." पत्र तसंच गेलं.

करारात काय होतं ते सांगते. डिस्प्यूट उद्भवल्याचं एका बाजूने लेखी कळवलं की तीस दिवस वरिष्ठांची बोलणी, तेवढ्यात मिटलं नाही तर लवाद. आणि ज्या रकमेबद्दल डिस्प्यूट असेल ती निकाल लागेपर्यंत थांबवायची मुभा. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. तुमचं पत्र आम्ही अमुक कलमाखालची नोटीस मानतो, आणि सदर बिलाचं पेमेंट थांबवत आहोत. कापलेली रक्कम बिलाचा जेमतेम विसावा हिस्सा होती. पण साहेबांनी डिस्प्यूटपुढे 'डिडक्शन' (कपात) न लिहिता 'इन्व्हॉइस' (बिल) लिहिलं होतं, म्हणून विसाव्या हिश्शासाठी सगळं बिल अडकलं.

डिस्प्यूट या शब्दाचा हाच स्वभाव आहे. तो कशाबद्दल, हे सांगावंच लागतं आणि जे सांगाल ते वादात जातं. क्रियापद म्हणून वापरलात तर थेट कर्म घेतो: डिस्प्यूट द बिल, डिस्प्यूट द क्लेम. डिसअग्री तसं नाही, त्याला 'विथ' लागतं, आणि मत वेगळं आहे एवढंच त्यातून कळतं. डिसअग्रीमेंट मनातल्या मनातही असू शकते, मतभेद उघड न करता माणसं वर्षानुवर्षं एकत्र काम करतात. डिस्प्यूटला दोन बाजू लागतात: एकाचा दावा आणि दुसऱ्याचा नकार. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाने 1924 मध्ये मॅव्हरोमॅटिस खटल्यात याची व्याख्या केली, ती आजही उद्धृत होते. कायद्याच्या किंवा वस्तुस्थितीच्या मुद्द्यावरची डिसअग्रीमेंट, दोन व्यक्तींच्या कायदेशीर मतांचा किंवा हितसंबंधांचा कॉन्फ्लिक्ट, म्हणजे डिस्प्यूट. तुम्ही विचारलेल्या पाचातले तीन शब्द एकाच वाक्यात, आणि तिघांची कामं वेगळी. पुढे 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की डिस्प्यूट आहे असं नुसतं एका पक्षाने म्हणून भागत नाही, एकाच्या दाव्याला दुसऱ्याचा प्रत्यक्ष विरोध आहे हे दिसावं लागतं. आमच्या बाबतीत तर बाकीच्या बिलाला समोरच्याचा काही विरोधच नव्हता. तो आमच्याच पत्राने उभा केला.

वर्षअखेरीला माझ्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर साहेबांनी एक शब्द लिहिला: 'क्वॉरलसम'. भांडखोर. पत्राचं प्रकरण 'भाषांतरातली चूक' म्हणून नोंदलं गेलं होतंच. मला ती नोंद लागली, पण हा शब्द जास्त लागला. कारण मी भांडले नव्हते. माझं मत वेगळं होतं, ते मी कारण देऊन मांडलं. इंग्रजीत त्याला आर्ग्यू करणं म्हणतात. फार तर 'आर्ग्युमेंटेटिव्ह' लिहायचं होतं, मी खाली सही केली असती.

क्वॉरल हा लॅटिनमधल्या तक्रार करण्याच्या क्रियापदातून आलेला शब्द आहे, आणि 'आय हॅव नो क्वॉरल विथ दॅट' म्हणजे 'त्याबद्दल माझी तक्रार नाही' या प्रयोगात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. एरवी क्वॉरल म्हणजे माणसामाणसातलं बिनसणं. राग असतो, मन दुखावलेलं असतं, बहुतेक वेळा नंतर अबोला असतो. मुद्दा काय होता ते दोघंही विसरले तरी क्वॉरल चालू राहू शकतं. आर्ग्युमेंटचं मूळ 'स्पष्ट करणं, सिद्ध करणं' याकडे जातं. म्हणून वकिलाचा युक्तिवाद आर्ग्युमेंट, तर्कशास्त्रातली गृहीतकं आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष मिळूनही आर्ग्युमेंट. आवाज चढवून केलेली वादावादीही आर्ग्युमेंटच, आणि घोळ तिथे होतो. मागचापुढचा शब्द बघा. 'हॅड अॅन आर्ग्युमेंट विथ' असेल तर खटका उडाला, 'आर्ग्युमेंट फॉर' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर मुद्दा मांडला.

आपल्या 'वाद' या शब्दाचंही अगदी हेच झालंय. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, कथेचे (दोन बाजूंमधल्या चर्चेचे) तीन प्रकार आहेत. खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा तो वाद, जिंकायचंच म्हणून केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडत बसायचं ती वितंडा. आज 'उगाच वाद घालू नकोस' म्हणताना आपण वादाला जल्पाच्या जागी बसवतो. दोन्ही भाषांत चांगला शब्द एकाच दिशेने घसरला. म्हणूनच 'आर्ग्युमेंट म्हणजे वाद' हे भाषांतर चुकीचं नाही, पण ते वाचून कोणाला काही कळतही नाही.

कॉन्फ्लिक्टला माणसं भांडायची गरजच नसते. दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत एवढं पुरे. दोन मीटिंगा एकाच वेळी आल्या की कॉन्फ्लिक्ट. दोन प्रोग्रॅमरांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की गिट (असे बदल एकत्र करणारं सॉफ्टवेअर) 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' दाखवतं, भले ते दोघं जिवलग मित्र असोत. 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'चं 'हितसंबंधांचा संघर्ष' हे भाषांतर मला मुळीच पटत नाही. तिथे कोणी कोणाशी संघर्ष करत नाही, एकाच माणसाचा स्वार्थ त्याच्या कर्तव्याच्या आड येतो. दुसऱ्या टोकाला मात्र हाच शब्द युद्धापर्यंत जातो. 1949 च्या जिनिव्हा करारांत घोषित युद्धाच्या जोडीला 'आर्म्ड कॉन्फ्लिक्ट' हा शब्द घातला, तो एखाद्या देशाने 'हे युद्ध नाहीच' म्हटलं तरी नियम लागू राहावेत म्हणून. एका शब्दाने पळवाट बंद होते, इतकं शब्दाचं काम असतं. (उच्चारही सांभाळा: नाम असेल तर जोर 'कॉन'वर, क्रियापद असेल तर 'फ्लिक्ट'वर.)

बाकीचे भराभर. बिकरिंग म्हणजे कुरबुर. स्क्वॉबल म्हणजे क्षुल्लक कारणावरची हुज्जत. ऑल्टर्केशन म्हणजे बाचाबाची, बातम्यांतला शब्द. फ्यूड म्हणजे जुनं, पिढीजातही असू शकणारं वैर. डिसेंट म्हणजे बहुमताविरुद्ध उघडपणे नोंदवलेलं वेगळं मत, निकालपत्रात एखादे न्यायाधीश नोंदवतात तसं. ब्रिटिश लोक भांडणाला 'राउ' म्हणतात, त्याचं स्पेलिंग 'रांग' अर्थाच्या 'रो'सारखंच असतं.

एक सांगायचं राहिलं. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही इतकं तोलून बोलत नाही, मित्राशी बोलताना आर्ग्युमेंटऐवजी डिस्प्यूट म्हणालात तर काही बिघडणार नाही. आणि मी वकील नाही. प्रत्येक करार वेगळा असतो, कित्येकांत डिस्प्यूटची व्याख्या सुरुवातीलाच दिलेली असते, ती आधी वाचा. पण लेखी कळवताना वजन यावं म्हणून शब्द बदलू नका. वजन हवं असेल तर तारखा द्या. माझ्या पहिल्या मसुद्यात त्या होत्या, आणि शेवटी लवादापर्यंत न जाता बोलण्यांतच कपात मागे घेतली गेली, ती त्याच तारखा समोर ठेवल्यावर.

तो मसुदा माझ्याकडे अजून आहे. 'अग्री' काळ्या शाईत टाइप केलेलं, 'डिस्प्यूट' लाल शाईत, आणि ते अक्षर माझं नाही.